स्वातीच्या शेजारचा तप्त ग्रह

वैशाख-ज्येष्ठांत रात्रीं स्वाति उंच आली म्हणजे तिच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर एक मंद तारका दिसते. भूतप तारकासमूहांतील ही 'टाऊ' तारका होय. जेथें विजेचे दिवे फार नाहींत अशा गांवीं ती नुसत्या डोळ्यांनीं सांपडते. सुमारें ५१ प्रकाशवर्षें दूर असलेल्या ह्या ताऱ्याभोंवतीं एक महाकाय ग्रह फिरतो, हें १९९६ सालीं कळलें. त्याचें वर्ष अवघें ३.३ दिवसांचें! (आमच्या जोशीबुवांना ह्याचें गोचर पाहावें लागत नाहीं, हें त्यांचें भाग्यच.) ताऱ्याच्या इतका निकट असल्यानें त्याचें वातावरण भट्टीसारखें तापलेलें आहे.

परंतु हा ग्रह दिसला मात्र नव्हता. ताऱ्याच्या किंचित् डोलण्यावरून त्याचें अस्तित्व ताडलें होतें. कक्षेचा कल ठाऊक नसल्यानें त्याचें वजन निदान चार गुरूंइतकें असावें, एवढेंच म्हणतां येई. शिवाय तो ताऱ्यासमोरून जात नाहीं. म्हणून ताऱ्याचा प्रकाश त्याच्या वातावरणांतून गाळून पाहण्याचा नेहमींचा उपाय येथें चालत नाहीं.

चिली देशांतील पारानाल पर्वतावरील ८.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीनें मात्तेओ ब्रोजी व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०११ सालीं ह्या ताऱ्याचे अवरक्त वर्णपट घेतले. अडचण आपल्याच हवेची होती. तिच्यांतील बाष्पादि वायु प्रकाश शोषून वर्णपटावर स्वतःच्या काळ्या रेषा उमटवितात. परंतु त्या रेषा जागच्या हालत नाहींत, आणि ताऱ्याच्याहि जवळजवळ स्थिरच असतात. ग्रह मात्र वेगानें फिरत असल्यानें त्याच्या रेषा रात्रभर सरकत राहतात. तेव्हां जें स्थिर तें पुसून टाकावें, जें सरकतें तें ठेवावें, अशी ही युक्ति आहे.

उरलेली एकेक रेषा इतकी क्षीण असते कीं ती वेगळी वाचतां येत नाहीं. जीर्ण पोथींत एकहि अक्षर धड उमटलेलें नसावें, तरी पाठ असलेला श्लोक त्या पुसट ओळींवर धरून पाहिला असतां तो तोच कीं नव्हे हें कळावें, तसा हा प्रकार. येथें कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांचा क्रम हा तो पाठ असलेला श्लोक. तो जुळला, आणि २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आपल्या दिशेनें येण्याजाण्याची ग्रहाची कमाल गति सेकंदास सुमारें ११० किलोमीटर भरली. तीवरून कक्षेचा कल सुमारें ४४.५ अंश व ग्रहाचें वजन जवळजवळ सहा गुरूंइतकें ठरलें. ज्याचें बिंब वेगळें कधीं दिसलें नाहीं, त्याचें वजन जमिनीवर बसून केलें, हें आम्हांस मोठें नवल वाटतें.

वाद आहे तो पाण्याचा. हवाई बेटांतील मौना केआवरील केक दुर्बिणीच्या आधारें २०१४ सालीं तेथें बाष्प असल्याचें सांगण्यांत आलें. त्याच पर्वतावरील दुसऱ्या दुर्बिणीला जोडलेल्या 'स्पिरू' यंत्रानें केलेल्या पाहणीचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला, तों कार्बन मोनॉक्साइड विपुल, पण बाष्प अपेक्षेहून फारच थोडें! हा पाठभेद क्षुल्लक नव्हे. कर्ब व प्राणवायु ह्यांच्या प्रमाणावरूनच असा ग्रह ताऱ्यापासून किती दूर, हिमाच्या प्रदेशांत कीं त्याच्या अलीकडे, जन्मला आणि मग आंत सरकला, ह्याचा माग शास्त्रज्ञ काढीत असतात.