राखेवर सोलर लावा, गायरान सोडा

परळीच्या औष्णिक केंद्रातला पहिला संच १९७१ साली सुरू झाला. तेव्हापासून कोळशाची राख तळ्यात साठते, वाऱ्याने उडते. त्यात सिलिका असते. ती फुप्फुसात रुतली की टीबीचाही धोका वाढतो. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, तपासणी मोफत आहे.

असली जमीन पिकाला निकामी. मातीने नीट झाकून तिच्यावर सोलर बसवता येतं. चेर्नोबिलला तर २०१८ साली फुटलेल्या अणुभट्टीशेजारीच १ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. मग आपल्याकडे सौर कृषी वाहिनीला गायरानच का हवं? तिथे आपली भूमिहीन घरं पोट भरतात. पडीक जमीन भूमिहीनांना द्या म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली सत्याग्रह केला होता.

नांदूरघाटच्या ग्रामसभेत असा ठराव आला, तर आम्ही बाया पुढे बसून राखेची जागा आधी दाखवणार. तुम्हीही या.