पिशवीतले उडीद

नूतनीकरणक्षम आणि अनूतनीकरणक्षम ही जोडी मुले पाठ करतात. पण ‘संपणे’ हाताला कळावे लागते. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावी त्यासाठी प्रयोगशाळा नको, एक पिशवी पुरे. तिच्यात काळ्या उडदाचे ९० दाणे, ज्वारीचे १०. उडीद म्हणजे कोळसा, ज्वारी म्हणजे ऊन. न पाहता दहा दाणे काढले की एक वर्ष झाले. ज्वारी परत पिशवीत, उडीद बाहेर. सुरुवातीला हाती बहुतेक काळेच येते, पुढे उडीद चाचपूनही सापडत नाही.

चुलीचा हिशेब अवघड. पऱ्हाट्या दर हंगामाला मिळतात. तोडलेली बाभूळ मात्र पुन्हा वाढू दिली तरच नूतनीकरणक्षम.

खेळातली उणीव बीड जिल्ह्यानेच दाखवली आहे. परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१३च्या दुष्काळात बंद पडले, ते कोळसा संपला म्हणून नव्हे, पाणी नव्हते म्हणून. वाफ करायला पाणी, ती थंड करायलाही पाणीच. तेव्हा पिशवीशेजारी पाण्याचे फुलपात्र ठेवावे आणि दर उडदामागे एक चमचा पाणी काढावे. फुलपात्र रिकामे होईल, तेव्हा पिशवीत उडीद शिल्लक असतील. मग पाणी कोणत्या रकान्यात लिहायचे, ते वर्गाने भांडून ठरवावे.