राज्य बदलले, की बंदुकीच्या परवान्याचे काय?

नोकरी-धंद्यासाठी नांदेड-लातूरहून हैदराबाद, निजामाबाद किंवा बिदर गाठणे हे इथल्यांना नवीन नाही. देगलूर सोडले, की थोड्याच अंतरावर तेलंगण सुरू होते. उदगीरकरांना बिदर तर शेजारचेच. घर हलवताना गॅस जोडणी, मुलांचे दाखले, रेशनकार्ड सगळे आठवते. पण घरात परवान्याची बंदूक असेल तर? बँकेत किंवा कॅश व्हॅनवर स्वतःची बंदूक घेऊन पहारा देणाऱ्या माजी सैनिकासाठी हा थेट पोटाचा प्रश्न आहे. कागदात खोट निघाली, तर नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

राज्य बदलले की कायदा बदलतो का?

नाही. शस्त्र कायदा 1959 आणि शस्त्र नियम 2016 हे दोन्ही केंद्राचे आहेत. बदलतो तो परवाना अधिकारी. नांदेड आणि लातूरमध्ये हा अधिकार जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत तो आयुक्तांकडे असतो. म्हणून नांदेडचा परवानाधारक हैदराबाद किंवा निजामाबादला स्थायिक झाला, की त्याचा कारभार पोलीस आयुक्तालयाकडे जातो. बिदरला गेला, तर तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे.

निघण्यापूर्वी काय पाहायचे?

परवान्यावरील क्षेत्राची नोंद. परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता किंवा संपूर्ण भारतासाठी असू शकतो. तो महाराष्ट्रापुरताच असेल, तर बंदूक सामानात टाकून सीमा ओलांडता येत नाही. आधी जुन्या कार्यालयाकडे क्षेत्र वाढवून मागावे. मंजुरी येईपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी.

नव्या गावी पोहोचल्यावर?

शस्त्रासह कायमचा मुक्काम हलवला असेल, तर 30 दिवसांच्या आत दोन्हीकडे कळवावे लागते: नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला आणि ज्याने परवाना दिला किंवा शेवटचे नूतनीकरण केले त्यालाही. नवे कार्यालय मागेल तेव्हा परवाना आणि शस्त्र दाखवावे लागते. पत्त्याची नोंद झाली, की पुढचे नूतनीकरण तिथेच. परवान्यावर राष्ट्रीय नोंदणीतील ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, आहे ना हे तपासा. तो नसलेला परवाना वैध धरला जात नाही. जुन्या कागदी परवान्यांची अडचण बहुधा इथेच उघडी पडते.

पीक संरक्षणाचा परवाना असेल तर?

किनवट-माहूर पट्ट्यात रानडुकरांमुळे शेतकरी पीक राखण्यासाठी बंदूक मागतात. ठासणीच्या बंदुकीसाठी कायद्यात तशी तरतूदही आहे. मात्र अशा परवान्याचे कारण शेत असते. शेत सोडून शहरात राहायला गेल्यावर ते कारण उरत नाही. तेव्हा तोच परवाना पुढे चालेल, असे गृहीत धरू नये.

मॅगझिनमध्ये गोळ्या किती?

अमेरिकेत राहणारे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात, कारण तिथे राज्यागणिक नियम वेगळे. कॅलिफोर्नियात मॅगझिनला 10 गोळ्यांची मर्यादा आहे, टेक्सासमध्ये अशी मर्यादा नाही. भारतात कायदा मॅगझिनमधील गोळ्या मोजण्यापेक्षा शस्त्राचा प्रकार पाहतो. घोडा दाबून धरताच मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील, असे स्वयंचलित शस्त्र प्रतिबंधित आहे. एका वेळी आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील, ते परवान्यावरच लिहिलेले असते. राज्य बदलले म्हणून तो आकडा आपोआप वाढत नाही. सामान्य परवानाधारकाला शस्त्रेही दोनच ठेवता येतात. 2019 च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा तीन होती. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली.

चूक झाली तर?

परवान्यातील अट मोडल्यास कलम 30 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण परवानाच वैध नसेल, तर प्रकरण विनापरवाना शस्त्र बाळगण्याचे ठरते. त्यासाठी दोन ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. तपासणीही आता कडक झाली आहे. जम्मू-काश्मीरमध्ये 2012 ते 2016 या काळात दिलेल्या परवान्यांचा गैरव्यवहार सीबीआयकडे गेल्यापासून परराज्यातील परवान्याची खातरजमा मूळ कार्यालयाकडून होईल, हे धरूनच चालावे.

थोडक्यात

• सीमा ओलांडण्याआधी परवान्यावरील क्षेत्र, मुदत आणि यूआयएन तपासा.
• क्षेत्राबाहेर जायचे असेल, तर आधी मंजुरी. नसल्यास शस्त्र जमा करून पावती.
• नव्या पत्त्याची माहिती 30 दिवसांत दोन्ही कार्यालयांना लेखी द्या, पोच जपून ठेवा.
• निवडणूक काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश निघाल्यास तो नव्या जिल्ह्याचा पाळावा लागतो. नोंद जुन्या पत्त्यावरच राहिली, तर नोटीसही तिकडेच जाईल.