मोटारीच्या पट्ट्याची ताणपुली : एक अनुभव

स्मरणिकेसाठी लेख मागताना धान्यबाजाराविषयी मी काही लिहावे अशी संपादकांची अपेक्षा असावी. परंतु तेजीमंदीविषयी आपले सभासद बंधू माझ्याहून अधिक जाणतात. म्हणून ज्या बाबतीत मी स्वतः चुकलो आणि चुकीतून थोडेफार शिकलो, त्याविषयीच लिहितो. विषय तसा लहान आहे. मोटारीच्या इंजिनाच्या तोंडाशी तळहाताएवढी एक पुली असते. ती बिघडली तर काय होते व अशा वेळी काय करावे, एवढेच सांगावयाचे आहे. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी मोटार आहे, पण तिचे बॉनेट उघडून पाहणारे थोडेच. तेव्हा हा लेख अगदीच अस्थानी ठरू नये.

ज्यांनी जुन्या डाळगिरण्या पाहिल्या आहेत त्यांना ही पुली नवी वाटणार नाही. ऑइल इंजिनाच्या चाकावरून लांब चपटा पट्टा छताखालच्या शाफ्टावर जाई आणि तेथून दुसऱ्या पट्ट्यांनी चाळणी, पंखा, भरड काढण्याचे यंत्र अशी सारी यंत्रे फिरत. पट्टा सैल पडला की घसरू लागे. मग त्यावर राळ टाकीत, किंवा त्याच्या सैल बाजूवर मोकळी फिरणारी एक पुली दाबून बसवीत. तिला जॉकी पुली म्हणत. ही पुली स्वतः एक दाणाही भरडीत नसे. पट्टा चाकाला बिलगून राहील एवढेच तिचे काम. पण ती अडली की सारी गिरणी थांबे.

मोटारीतही हीच व्यवस्था आहे. क्रँकशाफ्टच्या टोकाला असलेल्या पुलीवरून उभ्या खाचांचा रबरी पट्टा निघतो आणि वीज निर्माण करणारा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, थंड हवेचा कंप्रेसर व कित्येक गाड्यांत स्टिअरिंगचा पंप या सर्वांना फिरवितो. हा पट्टा ताठ ठेवण्यासाठी स्प्रिंगच्या जोरावर दाब देणारा एक दांडा असतो व त्याच्या टोकास आपली ताणपुली. तिच्या पोटात बेअरिंग असते. त्यातील ग्रीस कारखान्यातच भरून दोन्ही बाजू बंद केलेल्या असतात. त्यात मागाहून तेल-ग्रीस घालावयाची सोय नाही. बारीक धूळ अथवा पाणी आत शिरले, किंवा कालांतराने ग्रीस वाळले, की गोळ्या खरखरू लागतात. पुली प्रथम आवाज करते, मग डुगडुगते आणि अखेरीस जागच्या जागी आवळून बसते. पट्टा मात्र धावतच असतो. न फिरणाऱ्या पुलीवर घासून तो तापतो, जळतो आणि तुटतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या गाडीचे असेच झाले. तुरीचा हंगाम भरात होता. एके दिवशी सकाळी चालक पेढीवर येऊन म्हणाला, “अण्णा, गाडी चालू करताना पुढनं चिरचिर आवाज येतोय. पट्ट्याची पुली एकदा बघून घ्यायला पाहिजे.” मी वहीतून मान वर न करताच म्हणालो, “हंगाम संपू दे, मग बघू.” चार दिवसांनी तो पुन्हा आला. “अण्णा, आता खरखर वाढलीय.” मी म्हणालो, “गाडी चालते ना? मग झालं.” तो काही न बोलता निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात आमच्या थोरल्या भगिनींना कोल्हापुरास डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावयाचे होते. अक्कांचे वय अठ्ठ्याहत्तर. सूर्यास्तानंतर त्या अन्नपाणी घेत नाहीत, म्हणून दिवस असतानाच परतावे अशा बेताने आम्ही बेळगावाहून निघालो. संकेश्वर मागे पडले आणि तवंदी घाटात इंजिनातून मोठी किंचाळी उठली. जळक्या रबराचा वास आला, समोर बॅटरीचा तांबडा दिवा लागला आणि स्टिअरिंग जड झाले. चालकाने तत्काळ गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले.

मी म्हणालो, “बंद कशाला केलीस? निपाणी इथेच आहे. हळूहळू चल.” तो म्हणाला, “नाही अण्णा, पाण्याचा पंप ह्याच पट्ट्यावर आहे. आता गाडी चालवली तर इंजिन जाईल.” उसाच्या ट्रॅक्टरवरील दोघे-तिघे मदतीसाठी थांबले होते. त्यांच्यादेखत मी त्याला नको ते बोललो. गाडी नीट ठेवता येत नाही, पगार फुकट घेतोस, असे पुष्कळ बोललो. तो खाली मान घालून ऐकत राहिला. तेव्हा गाडीत बसलेल्या अक्का शांतपणे म्हणाल्या, “अरे, त्यानं तुला दोनदा सांगितलं होतं ना? मी ओट्यावर बसून ऐकलंय.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. अक्कांना जवळच स्तवनिधी क्षेत्रावर नेऊन बसविले व चालक निपाणीहून मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीने पाहिले तो पट्टा चिंध्या झालेला, पुली हाताने हलेना आणि तिच्यातील ग्रीस काळे पडून करपलेले. “गाडी कुठे लावता?” त्याने विचारले. गोदामाच्या आवारात, असे सांगताच तो हसला. धान्याची व फोलपटाची धूळ रोज उडणार, आणि ती धुऊन काढण्यासाठी आम्ही इंजिनावर जोराच्या फवाऱ्याने पाणी मारीत होतो. बेअरिंग बिघडावयास आणखी काय पाहिजे?

पुली लोखंडी होती, म्हणून तिचे बेअरिंग बदलता आले. प्लास्टिकच्या पुलीत बेअरिंग बहुधा कायमचे बसविलेले असते. तेथे पुलीच नवी घ्यावी लागते. आमच्या पुलीत निघालेले बेअरिंग ६२०३ क्रमांकाचे, म्हणजे आतील भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० व जाडी १२. असले बेअरिंग विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळते. मिस्त्रीने ते बसविताना फक्त बाहेरच्या कड्यावर दाब दिला. आतील कड्यावर ठोकले असते तर तो दाब गोळ्यांवर येऊन नवे बेअरिंग तेथेच खराब झाले असते. नवा पट्टा चढवून आम्ही सावकाश माघारी आलो. दांड्याची स्प्रिंगही दुबळी झाली होती, म्हणून पुढील आठवड्यात सबंध टेन्शनर बदलून घेतला. हेच काम पहिल्या दिवशी केले असते तर तुरीच्या डाळीच्या एका पोत्याच्या किमतीहून कमी खर्च आला असता. घाटात चालकाने माझे ऐकले असते तर मात्र पाणी खेळते न राहिल्याने इंजिनाचे हेड तापून वाकले असते आणि खर्चाला सीमा राहिली नसती.

मिस्त्रीकडून व नंतर चालकाकडून जे समजून घेतले ते बंधूंच्या उपयोगासाठी येथे देतो.

आवाज पट्ट्याचा की पुलीचा, हे ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे इंजिन बंद करून, गार झाल्यावर, पट्टा उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरविणे. चांगली पुली मुकाट्याने फिरते. बिघडलेली खरखरते, अडते किंवा दोन बोटांत धरून हलविली असता डुगडुगते. पट्टा उतरविण्यापूर्वी तो कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे; मार्ग चुकल्यास पाण्याचा पंप उलटा फिरू शकतो. इंजिन चालू असताना उपरण्याचे टोक, सदऱ्याची बाही वा हात तेथे नेऊ नये. इंजिन बंद असले तरी तापलेल्या गाडीचा विजेचा पंखा एकाएकी सुरू होतो, हेही ध्यानात ठेवावे.

जुन्या गिरणीच्या सवयीने मोटारीच्या पट्ट्यावर राळ, साबण अथवा तेल लावू नये. आवाज घटकाभर दबतो, दोष तसाच राहतो. पूर्वीचे रबरी पट्टे तडे जाऊन म्हातारपण दाखवीत. आताचे पट्टे तडे न जाताच खाचांतून झिजतात, म्हणून वरून धड दिसणाऱ्या पट्ट्यावर विसंबू नये. पुली बदलताना पट्टाही तपासून घ्यावा.

वाटेत बॅटरीचा दिवा लागला आणि त्याबरोबर जळका वास आला, तर गाडी थांबवून इंजिन बंद करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. काही गाड्यांत पाण्याचा पंप या पट्ट्यावर नसतो; तेथे बॅटरीच्या बळावर थोडे अंतर जाता येते. परंतु आपल्या गाडीत या पट्ट्यावर काय काय चालते, हे घरी असतानाच विचारून ठेवावे. घाटात उभे राहून अंदाज बांधू नये.

त्या दिवशी डॉक्टरांची वेळ चुकली व अक्कांना पंधरा दिवस थांबावे लागले. बेळगावात पोहोचेपर्यंत सूर्य मावळला होता, त्यामुळे त्या उपाशीच निजल्या. त्याबद्दल त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीवर हमाल, दिवाणजी व दोन अडते हजर असताना मी चालकाची क्षमा मागितली. अपमान चारचौघांत केला होता, तेव्हा क्षमाही चारचौघांतच मागणे योग्य होते, आणि त्यासाठी भाद्रपदातील क्षमावाणीच्या दिवसापर्यंत थांबण्याचे कारण नव्हते. तो संकोचून एवढेच म्हणाला, “असू दे अण्णा, इंजिन वाचलं.”

तेव्हापासून आमच्या पेढीवर एक लहान वही ठेवली आहे. गाडी, काटा, मोटर वा चाळणी यांविषयी कोणीही तक्रार सांगितली तर ती त्याच दिवशी तारखेसह तीत लिहिली जाते आणि काम झाल्यावरच तीवर रेघ मारली जाते. हंगाम असला तरी वही बंद राहत नाही.