पेशींच्या लहान आकारमानाची कारणमीमांसा : कांद्याच्या पापुद्र्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
अहिल्यानगर शहराचे उपनगर असलेल्या केडगावलगत नेप्ती येथील उपबाजारात कांद्याचे लिलाव होतात. बाजारात कांद्याचा भाव ठरताना त्याचा आकार पाहिला जातो. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला मात्र त्याचा एक पातळ पापुद्रा पुरतो. आयोडीनने रंगविलेल्या या पापुद्र्यात विद्यार्थ्यास पेशीचे प्रथम दर्शन घडते. ‘पेशी अत्यंत लहान असते’ हे विधान त्याच तासिकेत सांगितले जाते. परंतु समोर दिसणारी पेशी बहुधा पाव मिलिमीटर लांब, म्हणजेच प्राण्यांच्या सर्वसाधारण पेशीच्या (१० ते ३० मायक्रोमीटर) कितीतरी पट मोठी असते. या विसंगतीची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पेशी : जीवनाचा मूलभूत घटक
रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापातील रिकाम्या कप्प्यांचे वर्णन केले. श्लायडेन (१८३८) व श्वान (१८३९) यांनी पेशी सिद्धांत मांडला आणि पेशीपासूनच पेशी निर्माण होते, हे तत्त्व फिर्खो यांनी १८५५ मध्ये प्रतिपादिले. पेशीतून वेगळी काढलेली तंतुकणिका परीक्षानळीत काही काळ ऊर्जानिर्मिती करते. परंतु ती स्वतंत्रपणे जगू शकत नाही वा स्वतःसारखी दुसरी घडवू शकत नाही. ही क्षमता पेशीपाशीच आहे, म्हणून ती मूलभूत घटक ठरते.

आकारमानावरील मर्यादा
पेशीची गरज तिच्या घनफळानुसार वाढते, तर देवाणघेवाण पृष्ठभागावरील पटलामधून होते. १ मायक्रोमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ व घनफळ यांचे गुणोत्तर ६ असते. बाजू १० मायक्रोमीटर झाल्यास ते ०.६ आणि १०० झाल्यास केवळ ०.०६ उरते.

दुसरी मर्यादा विसरणाची आहे. अंतर दहापट वाढले की विसरणास लागणारा काळ सुमारे शंभरपट होतो. लहान रेणूस पाण्यात १० मायक्रोमीटर अंतरासाठी सेकंदाचा अल्पांश पुरतो. १ सेंटिमीटरसाठी मात्र कित्येक तास लागतात. शिवाय एका केंद्रकातील जनुकांच्या ठरावीक प्रती अमर्याद पेशीद्रव्यास प्रथिने पुरवू शकत नाहीत. म्हणूनच हत्ती आणि उंदीर यांच्या आकारातील तफावत मुख्यतः पेशींच्या संख्येमुळे असते, आकारमानामुळे नव्हे.

कांद्याच्या पेशीची रचना
मग कांद्याची पेशी एवढी मोठी कशी? तिचा बहुतांश भाग रिक्तिकेने व्यापलेला असतो. पेशीद्रव्य भित्तिकेलगत पातळ थराच्या रूपात राहते आणि केंद्रक एका कडेला सरकते. परिणामी पेशी मोठी असूनही तिचा क्रियाशील भाग पटलापासून दूर जात नाही. पेशीद्रव्याचे प्रवाही चलनही वहनास साह्य करते. शेतकरी ज्यास कांद्याची ‘फुगवण’ म्हणतात, ती पेशींच्या संख्यावाढीपेक्षा मुख्यतः पेशींच्या प्रसरणातून होते.

हीच युक्ती अन्यत्रही आढळते. २०२२ मध्ये वर्णन झालेला, कॅरिबियन बेटांवरील ग्वादेलूप येथील थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जिवाणू सुमारे १ सेंटिमीटर लांब असतो. त्याच्याही अंतर्भागाचा मोठा हिस्सा रिक्तिकेसारख्या पोकळीने व्यापलेला असतो. चेतापेशीचा तंतू एक मीटरपर्यंत लांब असला तरी अत्यंत बारीक असतो, तसेच त्यातील वहन केवळ विसरणावर अवलंबून नसते. पक्ष्याच्या अंड्यातील बलक हा मुख्यत्वे अन्नसाठा असून क्रियाशील पेशीद्रव्य त्याच्या पृष्ठभागावरील लहानशा चकतीत असते.

निष्कर्ष :
‘पेशी लहान असते’ या विधानापेक्षा ‘पेशीतील क्रियाशील द्रव्य पटलापासून फार दूर राहू शकत नाही’ हे विधान अधिक अचूक आहे. पहिले विधान पाठ केलेल्या विद्यार्थ्यास अंडे, चेतापेशी व कांदा हे अपवाद वाटतात. दुसरे समजलेल्यास ती त्याच नियमाची उदाहरणे दिसतात. त्यासाठी नव्या उपकरणाची गरज नाही. पापुद्र्याची आकृती काढून घेताना केंद्रक कडेला का आहे, एवढा एक प्रश्न अध्यापकांनी विचारल्यास निरीक्षणाचे रूपांतर आकलनात होऊ शकेल.