ज्येष्ठांचा संगणक : लेखांक ५ – माऊस त्यांच्याच हातात

"आई, सोड, मी करून देतो." घरोघरी संगणकाचा धडा या वाक्यापाशी संपतो. मुलगा माऊस ओढून घेतो, चार टिचक्या मारतो, काम होतं. आईला मात्र पडद्यावर काहीतरी झरझर सरकून गेलं, एवढंच दिसतं. म्हणून आमच्या वर्गात पहिला नियम शिकवणाऱ्यांना आहे : हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. तोंडानं सांगा, हवं तर पडद्याकडे बोट दाखवा, पण माऊसला हात लावू नका. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो. लागू द्या.

मागच्या लेखात माऊस धरायला शिकलो. आज डबल क्लिक. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं आणि "आता वय झालं" म्हणत माणसं खुर्ची सोडतात. वयाला बोल लावण्याआधी एक गोष्ट बघा. विंडोजमध्ये दोन टिचक्यांमधलं अंतर मुळात अर्ध्या सेकंदावर लावलेलं असतं. दुसरी टिचकी त्याहून उशिरा पडली, किंवा मधेच माऊस हलला, तर संगणक त्या दोन सुट्या टिचक्या धरतो. संधिवातानं आखडलेल्या बोटांना हे जमावं कसं? माऊसच्या सेटिंगमध्ये हा वेग कमी करता येतो. तेही नको असेल तर चिन्हावर एकदाच टिचकी मारून एंटर दाबावं, फाइल उघडते. ही सोय पहिल्याच दिवशी सांगायला हवी. न सांगणं हा आम्हा शिकवणाऱ्यांचा दोष आहे.

धरून ओढण्याच्या सरावाला पत्त्यांसारखं साधन नाही. मायक्रोसॉफ्टनं १९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर दिला आणि जगभरातल्या नवख्या हातांना त्यानं माऊसचं वळण लावलं. काळ्या गुलामावर लाल दश्शी ठेवायची, तर डावं बटण दाबून धरायचं, पत्ता न्यायचा, मग सोडायचं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या बदाम सात खेळण्यात घालवलेल्यांना वेगळं समजवावं लागत नाही. डावात गुंतले की हाताचा थरकापही विसरतात.

मराठी लिहिण्यासाठी मी इन्स्क्रिप्ट कळफलकाचाच आग्रह धरतो. रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची, तर आधी इंग्रजी स्पेलिंगचा विचार करावा लागतो. ज्यांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालं, त्यांना हा वळसा कशासाठी? इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'के'च्या कळीवर क, तीच शिफ्ट धरून दाबली की ख. 'आय'वर ग, शिफ्टसह घ. ही मांडणी वर्णमालेची आहे आणि वर्णमाला त्यांना लहानपणापासून पाठ आहे. 'आजी' लिहून बघा : शिफ्ट धरून 'ई', मग शिफ्ट सोडून 'पी', मग 'आर'. आमच्या वर्गात एका आजींनी हा शब्द पान भरून लिहिला आणि त्याची छापील प्रत घडी घालून पिशवीत ठेवली.

या आठवड्याचा गृहपाठ घरातल्या मुला-नातवंडांना आहे. डबल क्लिकचा वेग कमी करून द्या, मराठी कळफलक सुरू करून द्या आणि रोज अर्धा तास शेजारी बसा. माऊस मात्र त्यांच्याच हातात राहू द्या.