भूमिपरीक्षा आणि घराचा भूखंड

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात परीक्ष्य भावांची चर्चा करताना आचार्य चरकांनी 'देश' या शब्दाचे दोन अर्थ सांगितले आहेत. एक भूमी आणि दुसरा प्रत्यक्ष रुग्ण. हे आपण सर्वांनी महाविद्यालयात पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळवले. व्यवसायात उतरल्यावर मात्र बहुतेकांची परीक्षा दुसऱ्याच अर्थापाशी थांबली. रुग्ण कोकणातला असेल तर आनूप, सोलापूरकडचा असेल तर जांगल, इतकी नोंद केसपेपरवर केली की भूमी तपासल्याचे समाधान आपल्याला मिळते. आम्हीही याला अपवाद नव्हतो.

1999 च्या श्रावणात आमच्या तालुक्याच्या गावी तीन आठवड्यांत कामलेचे अकरा रुग्ण आमच्याकडे आले. सर्व एकाच नव्या गुंठेवारी वसाहतीतले. आरोग्यवर्धिनी, भूम्यामलकी, मृदु विरेचन, पथ्य असा शास्त्रोक्त क्रम आम्ही दिला आणि दहा जण बरे झाले. अकरावी सात महिन्यांची गर्भिणी होती. तिची लक्षणे पाहून आम्ही तिला तातडीने जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले. ती परतली नाही. तिच्या सासऱ्यांना भेटावयास गेलो, तेव्हा त्या वसाहतीत आमचे पाऊल प्रथमच पडले. त्यांच्या बोअरवेलपासून शेजाऱ्यांच्या शोषखड्ड्यापर्यंतचे अंतर आम्ही चालून मोजले. ते बारा पावले भरले. अकरा रुग्णांच्या नाड्या पाहिल्या होत्या, जिव्हा पाहिल्या होत्या, मूत्राचा वर्ण विचारला होता; पाणी कोठून येते हे एकालाही विचारले नव्हते.

वैद्यकाच्या इतिहासात अशा चुका मोठ्या प्रमाणावरही घडल्या आहेत. 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला, सांडपाणी पाणी उचलण्याच्या ठिकाणाशी पोहोचले आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. गर्भवतींमध्ये मृत्यूचे प्रमाण विशेष होते. तो विषाणू आज 'हेपटायटिस ई' म्हणून ओळखला जातो, हे निश्चित व्हावयास मात्र अनेक वर्षे गेली.

जमिनीकडे वैद्याच्या दृष्टीने पाहणे हे कोणाचे नित्याचे, पगारी काम असू शकते, हे आम्हास कळले ते दहा वर्षांनी आणि फार दूर. 2009 च्या वसंतात आम्ही कन्येकडे अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात गेलो होतो. शहराबाहेर, जेथे नगराची गटारव्यवस्था पोहोचलेली नाही अशा ठिकाणी, तिने व जावईबापूंनी एका भूखंडाचा सौदा ठरवला होता. नकाशा तयार होता. चार शयनगृहे, उंचवट्यावर घर, मागे उतारावर बाग. विकणाऱ्याचे म्हणणे, आजूबाजूस सगळ्यांनी बांधले आहे, अडचण येणार नाही. सौद्यात एकच अट होती, ती काउंटीच्या आरोग्य विभागाच्या दाखल्याची.

ठरल्या दिवशी तो अधिकारी आला. पदनाम 'एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ स्पेशालिस्ट', आपल्या भाषेत पर्यावरणीय आरोग्य तज्ज्ञ. विज्ञानाची पदवी, राज्याच्या मंडळाकडील नोंदणी आणि नेमणूक स्थानिक शासनाची. हातात लांब दांड्याचे गिरमिट, पाण्याची बाटली, रंगांच्या पट्ट्यांचे एक पुस्तक. आधी तो भूखंडावर नुसता हिंडला. उतार कोणीकडे, झाडे कोणती, पावसाचे पाणी कोठून उतरते, हे त्याने पाहून घेतले. मग गिरमिट रोवून चार फूट खोलीपर्यंतची माती थराथराने बाहेर काढली आणि ओळीने मांडली. प्रत्येक थरातली चिमूट पाण्याने भिजवून तो अंगठा व तर्जनी यांमध्ये दाबून तिची पट्टी काढी. पट्टी जितकी लांब निघेल तितका चिकणमातीचा अंश अधिक. आम्ही ते पाहत राहिलो. अवलेहाची तंतुमत्ता पाहणारा, वर्ती वळते की नाही हे दोन बोटांत पाहणारा वैद्य आणि हा मनुष्य यांच्या हातांत आम्हास फरक दिसेना.

उंचवट्यावरची माती खोलवर लाल निघाली. उताराच्या पायथ्याशी मात्र सव्वा फुटाच्या खालीच राखाडी ठिपके दिसू लागले आणि तेथे त्याने काम थांबवले. त्या दिवशी जमीन कोरडी ठणठणीत होती, म्हणून आम्ही कारण विचारले. त्याने दिलेले स्पष्टीकरण आपल्या वाचकांस सहज पटेल. मातीतील लोहाला हवा मिळत राहिली की ते लाल-पिवळे राहते. लोहभस्म करणाऱ्यास हा रंग परिचयाचा आहे. माती दीर्घकाळ पाण्यात बुडून राहिली, हवा तुटली, की लोहाचे रूप बदलते, ते पाण्याबरोबर निघून जाते आणि मागे राखाडी रंग उरतो. म्हणजे पाहणीच्या दिवशी पाणी नसले तरी वर्षाच्या कोणत्या काळात पाणी कोठवर चढते, हे माती लिहून ठेवते. खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात जिरते हे पाहण्याची रीत अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी चालत आली आहे. तिचा दोष असा की उन्हाळ्यात केलेली चाचणी पावसाळ्याविषयी काही सांगत नाही. काल विसरून देशाची परीक्षा केल्यासारखे ते होते.

आता घराचे काय? सेप्टिक टँकमधून निघालेले पाणी मातीत पसरणाऱ्या चरांतून जिरते आणि जिरता जिरता मातीतील जंतू व हवा त्यास शुद्ध करतात. चराचा तळ आणि पाण्याची चढती पातळी यांमध्ये पुरेशी कोरडी माती नसेल, तर शुद्धी न होताच मैला भूजलात मिसळतो. म्हणून उताराचा भाग बाद झाला आणि जो उंचवटा घरासाठी योजला होता, तोच चरांना द्यावा लागला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे प्रत्येक शयनगृहामागे रोज 120 गॅलन सांडपाणी धरले जाई. तीन शयनगृहांचे 360 गॅलन, म्हणजे सुमारे 1360 लिटर. तेथील चिकण लाल मातीत चौरस फुटास दिवसाला 0.3 गॅलन एवढेच पाणी जिरेल असे त्याने धरले. म्हणजे तीन फूट रुंदीचे 400 फूट लांब चर हवेत. शिवाय ते चर पुढे कधी निकामी झाले तर नवे खणण्यास तितकीच जागा राखून ठेवावयाची आणि पिण्याच्या विहिरीपासून 100 फूट दूर राहावयाचे. चार शयनगृहांचे चर त्या उंचवट्यावर मावत नव्हते. कन्या त्या रात्री जेवली नाही. "बाबा, एका गिरमिटाने आमचे घर हलवले," असे ती म्हणाली. आमच्या डोळ्यांपुढे बारा पावले होती. ती आम्ही तिला त्या रात्री सांगितली नाहीत.

या अधिकाऱ्याच्या शब्दास वजन कोठून येते, हे आम्ही मुद्दाम विचारून घेतले. त्याच्या विभागाचा परवाना दाखवल्याशिवाय तेथे बांधकामाचा परवाना निघत नाही. घर उभे राहिल्यावर सांडपाण्याची व्यवस्था मंजूर नकाशाप्रमाणे झाल्याचा दाखला मिळेपर्यंत कायम वीजजोडणीही देता येत नाही. दंड, नोटिसा, कोर्ट हे नंतरचे. येथे आधी विजेचे बटणच अडते. एखाद्या शेताचे तुकडे पाडून वसाहत करावयाची झाली, तर नियोजन विभाग तो नकाशा आरोग्य विभागाकडे अभिप्रायासाठी पाठवतो आणि अमुक भूखंड घरास योग्य नाही ही नोंद विक्रीपूर्वीच होते. त्याला विरोधही पुष्कळ. जमीनमालक तक्रारी करतात, लोकप्रतिनिधी फोन करतात, अपिले होतात. पुढे त्या राज्यात खासगी परवानाधारक मृदातज्ज्ञ व अभियंते यांनाही ही परीक्षा करण्याची मुभा मिळाली. कामाचा वेग त्याने वाढला असेल. परंतु परीक्षकाचे शुल्क घर बांधणाराच देत असेल तर परीक्षा किती निःस्पृह राहील, हा प्रश्न आम्हास पडतो. ज्या प्रयोगशाळेस आपण पैसे देतो, तिच्या अहवालाविषयी आपणही असेच साशंक असतो.

आरोग्य आणि भूमिनियोजन यांची ही जोडी परकी मानण्याचे कारण नाही. इंग्लंडात 1847 मध्ये लिव्हरपूल नगराने डॉ. विल्यम डंकन यांना आरोग्याधिकारी नेमले, ते तळघरातील दाट वस्ती आणि मैल्याचे खड्डे यांच्यामुळे. मुंबईत 1896 साली प्लेग आला आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद करणे, वस्त्या हलवणे या कामांच्या मुळाशी रोगच होता. पुढे मात्र या दोन विद्या वेगळ्या झाल्या. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली विकास योजना होतात, त्यांत दवाखान्यांसाठी आरक्षणे पडतात. परंतु नगररचनाकार एका खोलीत, आरोग्य निरीक्षक दुसऱ्या खोलीत, आणि त्या निरीक्षकाचा बराचसा दिवस झाडलोट, डासफवारणी व परवाने यांत संपतो. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 18 मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. आमच्या पाहण्यातल्या गुंठेवारी भूखंडांची रुंदीच पुष्कळदा त्याच्या निम्मी असते. त्यात दख्खनचा आपला काळा खडक. काळी माती पाणी जिरू देत नाही आणि खाली खडकास भेगा असल्या तर त्यांतून मैला न गाळता दूरवर जातो. अशा भूमीत 18 मीटर हा आकडाही निर्धास्त करणारा नाही. बांधकामापूर्वी कोणी गिरमिट लावून माती पाहिली, असा एकही भूखंड आम्हास आजवर आढळलेला नाही.

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोमची साथ उद्भवली, ती वाचकांच्या स्मरणात असेल. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांतले रुग्ण त्यात अधिक होते आणि राज्यातील रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि संशय पाण्याकडे वळला. ही गावे 2017 व 2021 मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. परंतु इमारती त्याआधीच उभ्या राहू लागल्या होत्या. घरे आधी, पाणी नंतर, गटार त्याच्याही नंतर. जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, जल, देश आणि काल यांच्या विकृतीचे मूळ शोधताना आचार्य शेवटी देशाच्या, नगराच्या, निगमाच्या प्रमुखांच्या अधर्माशी येऊन थांबतात. हा भाग आपण नीतिपाठ समजून पुढे जातो. आम्हास तो आता प्रशासनाचा पाठ वाटतो.

फार्मसी चालवणाऱ्या बंधूंनी हा विषय केवळ वैद्यांचा समजू नये. जून 2000 मध्ये अधिसूचित झालेल्या शेड्यूल 'टी'ने आपल्या कारखान्याची जागा उघडी गटारे, सार्वजनिक शौचालये आणि धूर, काजळी, दुर्गंध सोडणारे कारखाने यांच्या संसर्गापासून दूर असावी, असे बंधन घातले. ते बंधन आपल्यावर आहे. शेजारच्या मोकळ्या जागेवर उद्या काय उभे राहील, हे मात्र विकास योजना ठरवते. आमच्या परिचयातील एका फार्मसीच्या भिंतीलगत पाच वर्षांपूर्वी भंगार वितळवण्याची भट्टी आली. त्यांनी परवानग्यांसाठी धावपळ केली, तेव्हा कळले की त्या पट्ट्याचा वापर बदलण्याचा प्रस्ताव हरकतींसाठी रीतसर प्रसिद्ध झाला होता आणि कोणीही हरकत घेतली नव्हती. नमुन्यात शिसे 10 पीपीएमच्या वर निघाले की उत्तर मात्र फार्मसीलाच द्यावे लागते. औषधी वनस्पतींचेही तसेच. सुश्रुतांनी औषधग्रहणासाठी भूमीची निवड कशी करावी याचा स्वतंत्र अध्याय सांगितला. आपण मात्र पुनर्नवा नाल्याकाठची आहे की माळावरची, हे पुरवठादारास विचारत नाही.

आमच्या नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा तालुक्यातील सात वैद्यांनी मिळून एक अर्ज दिला. नव्या रहिवासी पट्ट्यांतील ज्या भागास गटारजोडणी नाही, तेथे मातीची व भूजलाची तपासणी झाल्यावाचून बांधकाम परवाना देऊ नये, एवढीच सूचना होती. सोबत गेल्या सहा वर्षांतील कामला आणि अतिसाराच्या रुग्णांची, नावे वगळून, वसाहतवार नोंद जोडली. सुनावणीच्या दिवशी समितीतील एका सदस्यांनी "वैद्यांचा याच्याशी काय संबंध?" असे विचारले. नोंदीचा कागद पुढे सरकवला, तेव्हा त्यांनी तो बराच वेळ वाचला. त्यांचे घर त्यातील तिसऱ्या क्रमांकाच्या वसाहतीत होते. सूचना विचाराधीन असल्याचे पत्र आले आहे. निर्णय अद्याप नाही.

दरम्यान आम्ही केसपेपरवर दोन रकाने वाढवले आहेत : पाणी कोठले, आणि शोषखड्डा किती अंतरावर. पहिल्या आठवड्यात कोणालाच अंतर सांगता येईना. आता दवाखान्यात शंभर फुटी टेप ठेवली आहे; रुग्णाबरोबर आलेला मुलगा ती घेऊन जातो आणि औषध न्यावयास येताना आकडा सांगतो. मागच्या मंगळवारी आलेला आकडा 31 फूट होता.